मास्टर दीनानाथ

गोमंतकातील मंगेशी हे गाव श्रीमंगेशाच्या देवालयामुळे सर्वत्र प्रसिद्ध आहे. या गावी २९ डिसेंबर १९०० रोजी दीनानाथांचा जन्म झाला. वडील गणेशभट हे देवालयात पुजारी होते. आई येसूबाई देवाच्या सेवेत गाणाऱ्या कलावंत कुळातील होत्या. त्यामुळे सूर दीनानाथांच्या कानी पडू लागले ते पाळण्यापासूनच. पाचव्या वर्षाच्या सुमारास त्यांना बाबा माशेलकर यांच्याकडे गाणे शिकावयास घातले. पुढे नाव सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी गावाचे व दैवताचे नाव हेच आपले आडनाव केले, आणि दीनानाथ मंगेशकर हे नाव रूढ झाले.

त्या काळी नाटक पाहणे हा लोकांचा मोठा शोक होता. नाटकमंडळ्या आपला पडदे-पोशाखांचा पसारा घेऊन आगगाडीने गावोगाव हिंडत. स्त्रियांनी रंगभूमीवर यावयाचे नाही, अशी तेव्हा समाजाची समजूत होती; म्हणून शकुंतला, सुभद्रा, भामिनी यांच्या भूमिका मुलगे व तरुण पुरुषच करीत. गोड गळ्याचा, नाकीडोळी नीटस मुलगा कोठे आढळला, की मंडळीचे चालक त्याला आपल्याकडे ओढून घेत. त्याच्या नावामागे ‘मास्टर’ ही पदवी लागे. मुलगा दहा-बारा वर्षांचा, पण जाहिरातीत तो मास्टर! या मुलांचे जिणे मात्र वाटते तितके सुखाचे नसे. घर दूर, शाळा नाही, रात्र रात्र जागरणे, आणि सारा मान त्या गळ्यावर अवलंबून. सोळा-सतरा वर्षांचे वय झाले, आवाज फुटला, की कित्येकांचे नाव रंगभूमीवरून कायमचे पुसले जाई.

१९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून गेले व त्यांनी आपली स्वतंत्र मंडळी काढली. जुन्या, नामांकित किर्लोस्कर मंडळीचा आधारस्तंभच गेला. त्यानंतर थोड्याच काळात सुमारे चौदा वर्षांचे दीनानाथ त्या मंडळीत आले. ज्या पदांवर बालगंधर्वांची मोहोर उमटलेली होती, ती पदे ह्या मुलाने म्हणावयाची! कोणीही कच्चा मुलगा अशा वेळी दुसऱ्याची नक्कल करू लागला असता. दीनानाथांनी ते केले नाही. त्यांचा आवाज उंच, टोकदार व पाणीदार होता. तान विजेसारखी चमकून जाई. बालगंधर्वांच्या गाण्यात मार्दव होते, दीनानाथांच्या गाण्यात तेज होते. काहींना ते रुचेना, पण तरुण श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले.

१९१८ साली, वय अवघे सतरा, दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बलवंत संगीत मंडळी’ स्थापन केली. नाटककार राम गणेश गडकरी यांचा या तरुणांवर लोभ होता. त्यांनी ‘भावबंधन’ हे नाटक नागपूरजवळील सावनेर येथे आजारपणातच पुरे केले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पुढे बलवंत मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्यात कोल्हटकरांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका या दोन भूमिका अतिशय गाजल्या.

आवाज फुटण्याचे वय उलटले तरी दीनानाथांचा गळा त्यांना सोडून गेला नाही. स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. रामकृष्णबुवा वझे यांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी आपले गाणे पक्के केले, आणि ज्या कोणाजवळ नवी चीज ऐकावयास मिळे, तिथून ती उचलली. आता ते पुरुषांच्या भूमिकाही करू लागले. ‘मानापमान’ नाटकातील धैर्यधर त्यांनी असा काही उभा केला की जुनी पदेही श्रोत्यांना नवी वाटली.

वऱ्हाडातील वाचकांना एका गोष्टीचा अभिमान वाटेल. अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसलेले पुढारी व नाटककार. त्यांचे ‘रणदुंदुभि’ हे नाटक बलवंत मंडळीने १९२७ साली केले. त्याला चाली वझेबुवांच्या होत्या आणि तेजस्विनी झाले होते दीनानाथ. राज्य इंग्रजांचे, उघड बोलण्याची चोरी. पण दीनानाथ स्वातंत्र्याचे पद गाऊ लागले म्हणजे प्रेक्षकांना अर्थ सांगावा लागत नसे. रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ही या मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. सरकारची वक्रदृष्टी होईल म्हणून पुष्कळ मंडळ्या ज्या वाटेने जात नसत, त्या वाटेने ही मंडळी गेली.

परंतु त्याच १९३१ साली हिंदुस्थानात पहिला बोलपट निघाला. चार-दोन आण्यांत गाणे, देखावे व लढाया पाहावयास मिळू लागल्यावर नाटकाच्या तंबूकडे कोण फिरकणार? एकामागून एक मंडळ्या मोडू लागल्या. दीनानाथ व त्यांचे सहकारी यांनीही चित्रपटसंस्था काढली व १९३४ साली ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हा चित्रपट काढला. पण हा धंदा निराळा होता. त्यातील खाचखळगे या भाबड्या कलावंतांना उमगले नाहीत. होते नव्हते ते गेले, कर्ज झाले. ज्यांच्या दारी माणसांची रीघ लागे, त्यांच्या घरात आता पाच लहान मुले आणि चिंता तेवढी उरली. गाणे मात्र त्यांनी सोडले नाही. मुलांना पहाटे जवळ बसवून ते शिकवीत.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास दीनानाथ मंगेशकर निवर्तले. वय एकेचाळीस वर्षांचे. ‘मास्टर’ ही बालपणीची पदवी अखेरपर्यंत त्यांच्या नावाला चिकटून राहिली. आज आपण अकोल्यास जठारपेठेत राहत असा की गोव्यात, जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून तो धारदार आवाज आपणास अजूनही ऐकता येतो.

त्यांच्या थोरल्या मुलीचे पाळण्यातील नाव निराळे होते. ‘भावबंधना’तील लतिकेवरून पुढे तिला लता म्हणू लागले. वडील गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. आई, तीन बहिणी व धाकटा भाऊ यांचा भार तिच्यावर आला. तोंडाला रंग लावून उभे राहणे तिला मुळीच आवडत नसे. तरीही त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात ती काम करू लागली.