न्यायमूर्ती रानडे : न्यायाच्या खुर्चीवर बसलेला तुकोबांचा वेडा



दिंडीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात संतांचं चरित्र लिहायला जाणती माणसं आहेत. मी चौथी शिकलेला, खारातला भातशेतकरी. मला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं. ते गळ्यात माळ घालून वारीला जाणारे नव्हते, प्रार्थना समाजाचे होते. पण तुकोबांचे अभंग त्यांच्या तोंडी असायचे. पहाटे उठून अभंग म्हणत बसायची त्यांना सवय होती. समाजात प्रवचन करायचे तेही अभंग घेऊन.

त्यांचा जन्म निफाडचा, 18 जानेवारी 1842. लहानपण कोल्हापुरात गेलं. मुंबईला शिकले, एम. ए. झाले, 1866 साली कायद्याची परीक्षा दिली. मग एल्फिन्स्टन कॉलेजात मुलांना शिकवलं, मध्ये कोल्हापूर संस्थानात न्यायाधीशही झाले. 1871 साली हायकोर्टाच्या वकिलीची परीक्षा पास झाले. वकिली केली असती तर पैशाची रास पडली असती. पण ते न्यायखात्यात गेले आणि पुण्यात सबजज्ज झाले.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट सांगतो. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले आणि सावकारांचे कागद जाळले. त्यातनं पुढं 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. आधी काय व्हायचं, अंगठा दाखवला की जमीन गेली. या कायद्यानं कोर्टाला सांगितलं, नुसता कागद बघू नका, मुद्दल किती, व्याज किती, कर्ज कुठून सुरू झालं ते खणून काढा. हे काम नीट चालतं का ते बघायला रानडे गावोगाव फिरले. माझ्या आजोबाचा अंगठासुद्धा असाच एका कागदावर गेला होता नि त्यापायी दोन तुकडे गेले. तो कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर एवढ्यालाच होता, आपला कुलाबा त्यात नव्हता. म्हणून मला त्याची किंमत जास्त कळते.

आपल्या जिल्ह्याशीही त्यांचा धागा आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात रानड्यांची व्याख्यानं ऐकायचे. फडक्यांनी 1879 साली बंड केलं. त्यांचं वकीलपत्र घेतलं रानड्यांचे सोबती सार्वजनिक काका जोशी यांनी. सरकारला रानड्यांचाही संशय आला. त्यांची धुळ्याला बदली केली, टपाल फोडून वाचलं. रानडे चिडले नाहीत, काम करत राहिले.

खरं सांगायचं तर त्यांच्यातही उणं होतं. विधवांची लग्नं व्हावीत म्हणून बोलणारा हा माणूस. पण 1873 साली पहिली बायको वारली, तेव्हा वडिलांच्या शब्दापुढं वाकला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी बोल लावला, तो बरोबरच होता. पण त्यांनी त्या मुलीला घरच्यांचा राग सोसून शिकवलं. त्याच पुढं सेवासदनच्या रमाबाई रानडे झाल्या. चूक पुसली नाही, पण तिच्यातनं चांगलं उगवलं.

1893 साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मराठ्यांच्या सत्तेवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात सांगितलं, शिवरायांच्या आधी संतांनी जमीन नांगरून ठेवली होती. शिंपी, कुंभार, माळी, महार, सगळ्या जातींच्या संतांनी माणसं एका भाषेत, एका देवापाशी जोडली. म्हणजे टाळकऱ्याचं मोल एका जज्जानं जगाला दाखवलं. 16 जानेवारी 1901 ला ते गेले.

दिंडीत एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा मनात विचारावं, घरी गेल्यावर आपल्या हातून कुणाचा बांध तर कोरला जात नाही ना? न्याय कोर्टातच नसतो, बांधावरही असतो.

रामकृष्ण हरि.