हट्टी सेनापती : मेजर जनरल पर्सी होबार्ट

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी आम्ही तिघा मित्रांनी एका रणगाड्याची प्रतिकृती केली होती. दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग साफ करण्यासाठी वापरलेला 'शर्मन क्रॅब' हा तो रणगाडा. मूळ रणगाडा सुमारे सव्वाआठ मीटर लांब. आम्ही १:२० हे प्रमाण धरले, त्यामुळे आमचा रणगाडा ४१ सेंटिमीटरांचा झाला. अंग पुठ्ठ्याचे, चाके दोऱ्याच्या रिळांची आणि पट्टे सायकलच्या जुन्या ट्यूबचे. पुढच्या बाजूस दोन भुजांवर आडवा फिरणारा जो रूळ असतो, तो घरातल्या मोडक्या लाटण्यातून कापून काढला. खरी कसोटी लागली ती साखळ्यांची. मूळ रुळावर ४३ साखळ्या असतात. बारीक साखळीचे तुकडे करून ते एकेक लाटण्याला अडकवण्यात तीन रात्री गेल्या. फलकावरचा मजकूर मराठीत मी लिहिला आणि कन्नडमध्ये आमच्या कन्नड विभागातील मित्राने.

प्रदर्शनाच्या दिवशी मोटर सुरू केली आणि साखळ्या एकमेकींत गुंतून रुळाभोवती घट्ट गुंडाळल्या गेल्या. मंडळी हसली. मात्र एक वयस्क निवृत्त सुभेदार हसले नाहीत. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने असे प्रेक्षक आम्हांला नवीन नाहीत. त्यांनी खाली वाकून रूळ पाहिला आणि हे यंत्र कोणाच्या डोक्यातून निघाले, एवढेच विचारले. आम्हांला उत्तर देता आले नाही. यंत्राची लांबी, रुंदी, वजन सारे पाठ होते, पण त्यामागचा माणूस ठाऊक नव्हता. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

खरे तर उत्तर एका नावात संपत नाही. साखळ्यांनी जमीन झोडपून सुरुंग फोडावेत ही कल्पना पुढे आणण्याचे श्रेय दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यातील अब्राहम डु टॉय या मोटर अभियंत्याकडे जाते. आपल्याकडे खळ्यावर तूर किंवा हरभरा काठीने झोडपतात, तसाच हा प्रकार. पण अशा चमत्कारिक यंत्रांची एक संपूर्ण फौज उभारून ती समुद्रकिनाऱ्यावर उतरवणारा माणूस म्हणजे पर्सी होबार्ट. आणि गंमत अशी की हा माणूस जन्मला आपल्याच देशात.

पर्सी क्लेगहॉर्न स्टॅन्ली होबार्ट याचा जन्म १४ जून १८८५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते. शिक्षणासाठी मुलाला इंग्लंडला पाठवण्यात आले. क्लिफ्टन कॉलेज आणि नंतर वूलिचची लष्करी अकादमी असा टप्पा पार करून १९०४ मध्ये तो रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला आणि पुढे बेंगाल सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीत हिंदुस्थानात परतला. रस्ते बांधणे, पूल टाकणे, सुरुंग लावणे आणि काढणे हे सॅपर्सचे काम. या हाताच्या कामाचे संस्कार त्याच्यावर तरुणपणीच झाले. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये आणि नंतर मेसोपोटेमियात लढला. १९१५ मध्ये त्याला मिलिटरी क्रॉस आणि पुढच्या वर्षी डी. एस. ओ. हे पदक मिळाले.

याच युद्धात १९१६ साली रणगाडा प्रथम रणांगणात आला. खंदकांत कुजणाऱ्या आणि मशीनगनपुढे पालापाचोळ्यासारख्या गळणाऱ्या पायदळाला यातून सुटका आहे, असे होबार्टला वाटू लागले. १९२३ मध्ये त्याने सॅपर्सची प्रतिष्ठित नोकरी सोडून नव्या टँक कोअरमध्ये बदली मागून घेतली. त्या काळी बढतीची आशा धरणारा अधिकारी असे सहसा करीत नसे. त्यानंतर क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेजात त्याने चार वर्षे शिकवले. तिथेच त्याच्या आयुष्यात एक वादळ आले. एका सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीशी त्याचा स्नेह जुळला आणि तिच्या घटस्फोटानंतर १९२८ मध्ये दोघांचा विवाह झाला. तत्कालीन लष्करी समाजाने ही गोष्ट सहजासहजी विसरली नाही. त्याच सुमारास, १९२७ मध्ये, त्याची बहीण बेटी हिचे लग्न बर्नार्ड मॉन्टगोमेरी या अधिकाऱ्याशी झाले. पुढे फील्ड मार्शल झालेला मॉन्टगोमेरी तो हाच.

१९३४ मध्ये ब्रिटनची पहिली कायम स्वरूपाची टँक ब्रिगेड होबार्टच्या हाती आली. बिनतारी संदेशयंत्रावरून चालत्या रणगाड्यांना एकाच वेळी हुकूम देऊन शेकडो गाड्यांचा ताफा दिवसरात्र हलवण्याचे प्रयोग त्याने सॅलिसबरीच्या मैदानावर केले. रणगाडे हे पायदळाच्या मागे रांगणारे लोखंडी किल्ले नसून स्वतंत्रपणे शत्रूच्या पिछाडीवर धडकणारे दल आहे, हा त्याचा आग्रह होता. जर्मनीत त्या वेळी याच दिशेने विचार चालू होता. ब्रिटनमध्ये मात्र घोडदळाच्या परंपरेत वाढलेल्या वरिष्ठांना हे विचार पसंत नव्हते, आणि होबार्टची जीभ ते विचार गोड करून सांगणारी नव्हती. तो चिडखोर होता, समोरच्याला मूर्ख ठरवायला वेळ लावत नसे आणि तडजोड हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. त्याचे चाहते हा दोष लपवतात. तो लपवण्याचे कारण नाही.

१९३८ मध्ये त्याला इजिप्तला पाठवण्यात आले. तिथे हाताशी होती ती जुनी वाहने आणि विस्कळीत तुकड्या. वाळवंटात दिशा कशी ओळखायची, पाणी आणि पेट्रोल किती पुरवायचे, गाड्या विखरून कशा चालवायच्या, हे सारे त्याने या सैनिकांना नव्याने शिकवले. हीच तुकडी पुढे सातवी चिलखती डिव्हिजन म्हणून, 'डेझर्ट रॅट्स' या नावाने, जगप्रसिद्ध झाली. डिसेंबर १९४० मध्ये तिने आपल्या चौथ्या इंडियन डिव्हिजनच्या जोडीने सिदी बरानी येथे इटालियन सैन्याची दाणादाण उडवली. परंतु विजयाच्या त्या दिवशी तिचा शिल्पकार तिथे नव्हता. वरिष्ठ जनरल विल्सन यांच्याशी खटके उडाल्यामुळे १९३९ च्या अखेरीस त्याला पदावरून दूर करण्यात आले, सरसेनापती वेव्हेल यांनीही तो निर्णय कायम ठेवला आणि १९४० मध्ये त्याला सक्तीने निवृत्त केले गेले.

वय ५४, हुद्दा मेजर जनरल आणि देश युद्धात. अशा वेळी घरी बसवलेल्या माणसाने काय करावे? होबार्ट आपल्या चिपिंग कॅम्पडेन या गावच्या होमगार्डमध्ये भरती झाला आणि लान्स कॉर्पोरलची फीत दंडावर लावून गावाच्या संरक्षणाची तयारी करू लागला. ज्याने रणगाड्यांची डिव्हिजन उभारली होती तो आता मूठभर गावकऱ्यांना कवायत शिकवत होता. त्याने हे काम कमीपणाचे मानले नाही. त्याच्या चरित्रातला हा भाग मला सर्वांत मोठा वाटतो. लिडेल हार्ट या युद्धशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रातून या अपव्ययावर बोट ठेवले, पंतप्रधान चर्चिल यांचे लक्ष तिकडे गेले, आणि लष्करी कार्यालयाची नाखुशी बाजूला सारून त्यांनी होबार्टला परत बोलावले. १९४१ मध्ये अकरावी चिलखती डिव्हिजन घडवण्याचे काम त्याला मिळाले. पुढे वयाचे आणि प्रकृतीचे कारण काढून त्याला पुन्हा बाजूला करण्याचे प्रयत्न झाले, पण ते साधले नाहीत. ऑक्टोबर १९४२ मध्ये एकोणऐंशीव्या चिलखती डिव्हिजनची सूत्रे त्याच्याकडे आली.

इथे थोडे थांबून सुरुंगांचा प्रश्न समजून घेतला पाहिजे. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधील दिएप बंदरावर सुमारे ६,००० सैनिकांनी हल्ला केला. त्यांत बहुसंख्य कॅनेडियन होते. रणगाडे किनाऱ्याच्या गोट्यांत आणि समुद्राच्या भिंतीपाशी अडकले. अडथळे उडवण्यासाठी पायी धावणारे सॅपर्स गोळ्यांच्या वर्षावात पडले. काही तासांत ३,००० हून अधिक कॅनेडियन ठार, जखमी किंवा कैद झाले. उघड्या किनाऱ्यावर माणसाने हाताने वाट मोकळी करायची हा मार्ग किती महाग आहे, हे तेव्हा कळले.

आपल्याकडच्या वाचकाला हा मार्ग अपरिचित नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ॲबिसिनियातील रस्त्यावर सलग चार दिवस, ५५ मैलांच्या पट्ट्यात १५ सुरुंगक्षेत्रे साफ केली. त्यांच्या खालची गाडी दोनदा उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तसेच आपल्या मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणले. हे शौर्य वंदनीय आहे. पण शौर्यावाचून चालत असेल तर तसे चालवावे, असे यंत्र बनवणाऱ्याचे म्हणणे असते.

मार्च १९४३ मध्ये सरसेनापती ॲलन ब्रूक यांनी होबार्टपुढे एक विलक्षण काम ठेवले. त्याच्या डिव्हिजनने नेहमीसारखे लढायचे नव्हते. तिने फक्त अडथळे फोडणारी यंत्रे जमवायची, सुधारायची आणि चालवायची होती. यातूनच सैनिक ज्यांना थट्टेने 'होबार्टचे विदूषक' म्हणत, ती यंत्रे निघाली. कापडी पडदा उभारून समुद्रात तरंगणारा रणगाडा, खंदकात टाकायची काटक्यांची मोळी वाहणारा रणगाडा, भुसभुशीत वाळूवर सतरंजीसारखे कापड अंथरणारा रणगाडा, ज्वाला फेकणारा 'क्रॉकोडाइल' आणि सुरुंग झोडपणारा 'क्रॅब'.

'क्रॅब'च्या आधीचा 'स्कॉर्पिअन' ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत वापरला गेला होता. त्याचा रूळ फिरवण्यासाठी बाहेर एक वेगळे इंजिन लावलेले असे. ते तापे, धुळीने गुदमरे. 'क्रॅब'मध्ये हा दोष काढून मुख्य इंजिनाचीच शक्ती रुळाला दिली. इथे एक पेच होता. सुरुंग चुकू नये म्हणून रणगाडा ताशी जेमतेम दोन किलोमीटर वेगाने चालायला हवा, पण रूळ मात्र मिनिटाला सुमारे १४२ फेरे फिरला पाहिजे. त्यासाठी जादा गिअरपेटी बसवावी लागली. रुळाच्या टोकांना काटेरी तार कापणाऱ्या चकत्या होत्या. मागे खडूची भुकटी सांडत जाई आणि मोकळ्या वाटेची कड आखली जाई. ही वाट सुमारे तीन मीटर रुंद असे. सुरुंग फुटला की साखळ्या तुटत, नव्या लावल्या जात. आमच्या मोटरचा वेग बेताल होता, म्हणून प्रदर्शनात साखळ्या गुंतल्या, हे मला ही माहिती वाचल्यावर उमगले. नंतर पट्टा आणि मोठी कप्पी लावून वेग उतरवला, तेव्हा त्या सुट्या होऊन नीट झोडपू लागल्या.

होबार्टने सफोकमधील ऑरफर्ड परिसरात जर्मन तटबंदीच्या हुबेहूब नकला बांधून घेतल्या आणि त्यांवर तालमी केल्या. पन्नाशीच्या उत्तरार्धातला हा माणूस स्वतः प्रत्येक यंत्राजवळ उभा राही, चुका काढी, रागावे आणि पुन्हा करायला लावी. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या गोल्ड, जुनो आणि स्वोर्ड या किनाऱ्यांवर ही यंत्रे पहिल्या लाटांबरोबर उतरली. सगळी यशस्वी झाली नाहीत. अमेरिकनांच्या ओमाहा किनाऱ्यासमोर खवळलेल्या समुद्रात तरंगत्या रणगाड्यांच्या एका बटालियनचे सोडलेल्या २९ पैकी २७ बुडाले. तथापि ब्रिटिश आणि कॅनेडियन किनाऱ्यांवर 'क्रॅब'नी वाळूतून वाटा काढल्या आणि मागचे पायदळ त्यांवरून पुढे गेले. त्यानंतर ल हाव्र, बुलोन, वाल्खरेन आणि मार्च १९४५ मधील ऱ्हाइन नदी ओलांडण्याची मोहीम, सर्वत्र बैलाच्या मुंडक्याचे चिन्ह मिरवणारी ही यंत्रे दिसली. युद्ध संपताना या डिव्हिजनकडे जवळजवळ ७,००० वाहने होती.

या यशात एक विरोधाभास आहे. रणगाड्यांनी एकत्र, स्वतंत्रपणे, पायदळाची वाट न पाहता धडक द्यावी, या मतासाठी होबार्टने आपली अर्धी नोकरी पणाला लावली होती. त्या मताचा अतिरेक चुकीचा होता, असे युद्धाने दाखवले. पायदळ आणि तोफखान्यावाचून एकटा रणगाडा फार दूर जात नाही. आणि ज्या डिव्हिजनने त्याचे नाव अजरामर केले ती डिव्हिजन म्हणून कधीच एकत्र लढली नाही. तिचे चार-सहा, दहा-बारा रणगाडे दुसऱ्यांच्या दिमतीला दिले जात आणि चिखलात पडलेल्या पायदळाच्या पुढे चालत. हट्टी म्हणून हाकलला गेलेला माणूस आपली फौज तुकड्यातुकड्यांनी इतरांच्या हाती देत होता, आणि ती नीट वापरली जावी म्हणून सर्व आघाड्यांवर फिरत होता. हट्टी माणसे बदलत नाहीत असे आपण म्हणतो. होबार्टचा स्वभाव बदलला नाही हे खरे, पण काम समोर आल्यावर आपले मत दुय्यम ठरवण्याइतका तो मोठा होता.

१९४३ मध्येच त्याला सर ही पदवी मिळाली होती. ऑगस्ट १९४५ मध्ये डिव्हिजन बरखास्त झाली आणि १९४६ मध्ये तो निवृत्त झाला. १९४८ ते १९५३ या काळात चेल्सी येथील वृद्ध सैनिकांच्या रॉयल हॉस्पिटलचा लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून त्याने काम पाहिले. १९ फेब्रुवारी १९५७ रोजी फार्नहॅम येथे त्याचे निधन झाले.

आमची प्रतिकृती आता पदार्थविज्ञान प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. परवा मोजल्या तेव्हा साखळ्या ४१ भरल्या. दोन कुठे तरी गळून पडल्या आहेत. त्या लावायच्या आहेत, आणि फलकावर दोन्ही भाषांत एक ओळ वाढवायची आहे. यंदाच्या प्रदर्शनाला ते सुभेदार पुन्हा आले, तर त्यांना आता नाव सांगता येईल.