सोवळ्याचा जाच आणि गोपाळ गणेश आगरकर

महाराष्ट्रातील समाजसुधारकांची नावे घेताना आपण जोतीराव आणि सावित्रीबाई यांना वंदन करतो, बाबासाहेबांपुढे नतमस्तक होतो, आणि मग पुष्कळदा आगरकरांचे नाव केवळ यादी पुरी करण्यासाठी उच्चारतो. शालेय पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, क्वचित एखादा निबंध येतो. पण ज्या घरात जन्म झाला त्या घरातल्याच रोजच्या चालीरीतींचा, सणावारांचा आणि विधिनिषेधांचा एखाद्या माणसाला इतका वीट का यावा, आणि तो बोलून दाखविल्याबद्दल त्याला काय किंमत मोजावी लागली, हे सविस्तर सांगण्याचा प्रसंग सहसा येत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो प्रसंग आम्ही साधीत आहोत.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या टेंभू या गावी एका गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. घरची स्थिती इतकी ओढगस्तीची होती की शिक्षणासाठी त्यांना आप्तांच्या आश्रयाने या गावाहून त्या गावी फिरावे लागले. कराडला मामलेदार कचेरीत उमेदवारी, दवाखान्यात कंपाउंडरी, असे जे पदरी पडेल ते काम त्यांनी केले. शिकण्याच्या ओढीने त्यांनी रत्नागिरीची वाट पायी तुडविली, पुढे वऱ्हाडात अकोल्यास नातेवाइकांकडे राहून १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकत असताना अंगात घालावयास एकच सदरा होता, तो रात्री धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच चढवावयाचा, ही हकीकत सर्वांच्या ऐकिवात आहे. वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना ती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

डेक्कन कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जडली. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी आगरकरांच्या मनाची बैठक घडविली. जे बुद्धीला पटत नाही ते केवळ पुरातन आहे म्हणून मान्य करावयाचे नाही, ही वृत्ती तेव्हापासून त्यांच्या ठायी पक्की झाली. ईश्वराच्या अस्तित्वाविषयीही ते अज्ञेयवादी होते. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहून कळविले की, मोठ्या पगाराची नोकरी करून घरात सुबत्ता आणण्याचा विचार आपण सोडला आहे, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी लावणार आहोत. मुलाच्या शिक्षणासाठी आयुष्यभर काटकसर केलेल्या त्या माउलीला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते एम. ए. नंतर दाखल झाले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर.

कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ यांत जे लेख आले, त्यांवरून दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या प्रसंगी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला, आणि सुटकेच्या दिवशी सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी या दोन तरुण ब्राह्मण संपादकांचा सत्कार केला. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने जोतीरावांवर किती कडवट टीका केली होती हे लक्षात घेतले म्हणजे या औदार्याचे मोल कळते. आमच्या मते ही गोष्ट आगरकरांच्या चरित्रात आज आहे त्याहून अधिक ठळकपणे सांगितली गेली पाहिजे. तुरुंगात आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर हाती घेतले.

आता मुख्य विषयाकडे वळू. ज्या काळात आगरकर पुण्यात लिहीत होते, त्या काळातील पांढरपेशा घराचा दिवस कसा उगवत असे हे आजच्या वाचकाने डोळ्यांपुढे आणावे. पहाटे स्नान, मग सोवळे. रात्री धुऊन कोणाचा स्पर्श होणार नाही अशा उंच दांडीवर वाळत टाकलेले धोतर काठीने खाली काढावयाचे आणि नेसावयाचे. त्याला चुकून घरातल्या अंगरखा घातलेल्या मुलाचा हात लागला की ते ओवळे झाले, पुन्हा स्नान. उलट रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी महिनोन्महिने पाण्यात पडली नाही तरी तिचे सोवळेपण ढळत नाही. स्वच्छतेसाठी निर्माण झालेला नियम स्वच्छतेच्याच विरुद्ध कसा जातो, हे आगरकरांनी सोवळ्याची मीमांसा करताना निर्दयपणे दाखवून दिले. मूळ हेतू नष्ट झाला, सांगाडा तेवढा उरला, आणि लोक त्या सांगाड्याचीच पूजा करीत बसले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख असे.

जे सोवळ्याचे तेच सणांचे. वर्षाचा एकही महिना व्रतावाचून, उपवासावाचून किंवा कसल्या तरी निषेधावाचून जात नसे. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, वांगे वर्ज्य. एकादशीला धान्य वर्ज्य, पण साबुदाण्याच्या खिचडीला मुभा. श्रावणात प्रत्येक वाराची निराळी कहाणी आणि निराळा नेम. या सर्वांचा भार स्वयंपाकघरातील बाईवर पडावयाचा, आणि ती विधवा असली तर तिच्या वाट्याला उपवास तेवढे यावयाचे, उत्सव नाही. शिमग्याला तर आदल्या दिवशीपर्यंत सोवळे सांभाळणारी घरे मुलांना रस्त्यावर बीभत्स ओरडण्यास मोकळीक देत, आणि तेही धर्माच्या नावाखाली. मुलांना शिकविणे हाच ज्यांचा धंदा, त्या आगरकरांना हे फार लागे. देवांची कल्पना माणसाच्या मनात भीती आणि अज्ञान यांतून कशी उपजली याचा शोध त्यांनी ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात घेतला. सणाचे मूळ एकदा कळले म्हणजे त्याचा धाक आपोआप उतरतो, अशी त्यांची धारणा असावी. आनंदाला मात्र त्यांचा विरोध नव्हता, हे विसरता कामा नये. ते संस्कृत नाटकांवर प्रेम करणारे रसिक होते.

सर्वांत अधिक लोकक्षोभ ओढवला तो मृत्यूसंबंधीच्या लेखनाने. घरात माणूस गेले म्हणजे दहा दिवसांचे सुतक, दहाव्याला पिंड मांडून कावळ्याची वाट पाहणे, कावळा न आल्यास मृताची कोणती इच्छा राहिली असेल या चिंतेने सगळ्यांनी व्याकूळ होणे, अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावणे, आणि तेराव्याला कर्ज काढून ब्राह्मणभोजन. दुःखाने आधीच खचलेल्या कुटुंबाला कर्जात लोटणारा हा व्यवहार शहाणीसुरती माणसेही निमूटपणे पार पाडतात, याचे आगरकरांना नवल वाटे आणि संतापही येई. प्रेतसंस्कारांवरील आपल्या लेखाच्या मथळ्यातच त्यांनी शहाण्यांचा मूर्खपणा हे शब्द घातले. त्यांचे शब्द पुष्कळदा असे झोंबणारे असत. ते थोडे सौम्य असते तर काम अधिक झाले असते, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आम्हांला तसे वाटत नाही. सौम्य शब्दांत सांगणारे न्यायमूर्ती रानडे होतेच. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले, आणि रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. टिळकही त्यातून सुटले नाहीत. एका पेल्याभर चहासाठी शहराचे शहर शंकराचार्यांच्या निवाड्याकडे डोळे लावून बसते, तेथे सौम्य शब्दांची शक्ती किती चालणार?

‘केसरी’त हे सर्व लिहिणे अवघड होत गेले. आधी स्वराज्य की आधी सुधारणा या वादात टिळक आणि आगरकर यांचे मार्ग फुटले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ सुरू केला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी उचलली. हे पत्र दसऱ्याच्या सुमारास निघाले, यातील गंमत आमच्या नजरेतून सुटलेली नाही. विधवांचे सक्तीचे केशवपन, बालविवाह, स्त्रियांचे शिक्षण, त्यांचा पोशाख, मुलामुलींनी एकत्र शिकणे, वधूवरांनी परस्परांना स्वतः पसंत करणे, हे सारे विषय ‘सुधारका’ने चव्हाट्यावर आणले. बायकांनी जाकिटे घालावीत असे लिहिले तरी पुण्यात खळबळ उडे. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर गेले. त्या वादात आगरकर कायद्याच्या बाजूने आणि त्यांचे जुने मित्र टिळक विरोधात उभे राहिले. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी वस्तरा खाली ठेवला, याचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. आगरकर लेखणीने जे सांगत होते, ते या श्रमकरी माणसांनी आपल्या पोटावर पाय देऊन करून दाखविले.

सनातन्यांनी आगरकरांना उत्तर दिले ते त्यांच्याच विषयाच्या भाषेत. त्यांची प्रतिमा करून तिरडीवर बांधली आणि भर पुण्यातून, त्यांच्या घरावरून, जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. प्रेतसंस्कारांवर लिहिणाऱ्याला त्यांनी प्रेतसंस्काराचीच शिक्षा दिली. आगरकरांनी लेखणी खाली ठेवली नाही.

या लढ्याची एक बाजू घराच्या उंबरठ्याच्या आत होती आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणात वाढलेल्या, श्रद्धाळू होत्या. बाहेर सणावारांवर आसूड ओढणाऱ्या गोपाळरावांनी घरात पत्नीच्या देवधर्मावर सक्ती केली नाही. कोणी याला विसंगती म्हणेल. आमच्या दृष्टीने हा त्यांच्या विचाराचाच भाग होता, कारण व्यक्तीच्या स्वातंत्र्याला जो सर्वांत वर ठेवतो तो आपल्या पत्नीचे देव बळाने कसे फेकून देईल? परंतु त्याचा ताप यशोदाबाईंनी सोसला, हेही खरे. पती समाजाने वाळीत टाकण्याजोगा ठरविलेला, आणि आपण त्याच समाजाच्या रीती मनोभावे पाळणाऱ्या. पुण्याच्या त्या आळीत त्यांचे दिवस कसे गेले असतील हे आमच्या समाजातील पुष्कळ माताभगिनींना सांगावे लागणार नाही. देव्हाऱ्यातील टाक नदीत सोडताना ज्यांचे हात थरथरले, त्यांना यशोदाबाई परक्या वाटू नयेत.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आगरकरांनी जातिभेदाच्या मूर्खपणावर लिहिले, यात शंका नाही. परंतु त्यांच्या लेखनातील घर, त्यातले सोवळे, त्यातली विधवा, त्यातला तेराव्याचा खर्च हे बहुतांशी पांढरपेशा वर्गाचे आहे. त्या घराच्या आत सोवळे हा जाच होता. त्या घराच्या बाहेर, गावकुसाबाहेर, तेच सोवळे पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर उभी केलेली भिंत होते. आतून त्या भिंतीला धडका देणारे आगरकर, बाहेरून तिच्यावर घाव घालणारे जोतीराव. घाव एकाच भिंतीवर पडत होते, पण बाहेरच्याला त्या भिंतीची उंची अधिक ठाऊक होती.

१८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य होते. १८८५ मध्ये निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकवीत. वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये ते तेथील प्राचार्य झाले. पगार तुटपुंजा, काम अफाट, आणि दम्याने पोखरलेले शरीर. वर्ग, कॉलेजचा कारभार आणि ‘सुधारका’चा मजकूर हे सर्व ते धापा टाकीत करीत राहिले.

१७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. चाळिशी गाठावयास अजून वर्ष-दीड वर्ष बाकी होते. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे कडाक्याचे भांडण चालले, त्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. ‘सुधारक’ त्यांच्यामागेही काही काळ निघत राहिला. यशोदाबाई त्यांच्यामागे राहिल्या.