उपकारस्तुतीच्या सणाची माता : सारा जोसेफा हेल

नोव्हेंबर महिना लागला, की अमेरिकेतील बालवर्गांत एक गोड उद्योग सुरू होतो. तीन-चार वर्षांची मुले आपला पंजा कागदावर ठेवून त्याच्याभोवती रंगीत खडू फिरवितात. अंगठ्याचे डोके होते, चार बोटांचा पिसारा होतो आणि पाहता पाहता कागदावर टर्की पक्षी उभा राहतो. मग बाई एकेका मुलाला जवळ घेऊन, त्याला कोणाचे आभार मानावयाचे आहेत हे विचारतात आणि मूल सांगेल ते एकेका पिसावर लिहितात. कोणी आईचे नाव सांगते, कोणी आजीचे, कोणी घरच्या मांजराचे. उपकारस्तुतीच्या राष्ट्रीय सणाची ही बालवर्गातील तयारी होय. याच वर्गांतून मेरी नावाच्या मुलीचे व तिच्यामागून शाळेत गेलेल्या कोकराचे गाणे वर्षभर म्हटले जाते. आपल्याकडील इंग्रजी शाळांतही ते पाठ नसलेले मूल विरळा. हे गाणे लिहिणारी आणि हा सण साऱ्या राष्ट्राचा व्हावा म्हणून झटणारी स्त्री एकच होती, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे नाव सारा जोसेफा हेल.

साराबाईंचा जन्म न्यू हॅम्पशर राज्यातील न्यूपोर्ट या गावी २४ ऑक्टोबर १७८८ रोजी झाला. वडील गॉर्डन ब्यूएल हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सैनिक. त्या काळी मुलींना महाविद्यालयाचे दार बंद होते. आईने त्यांना घरीच शिकविले, आणि डार्टमथ महाविद्यालयात शिकणारा भाऊ होरेशो सुटीत घरी आला, की आपले पाठ बहिणीलाही देई. अशा रीतीने साराबाईंना विद्या मिळाली ती दुसऱ्यांच्या प्रेमातून. मिळालेले पुढे दिले पाहिजे, या जाणिवेने की काय, अठराव्या वर्षीच त्यांनी लहान मुलांसाठी एक छोटी शाळा चालविण्यास घेतली. १८१३ साली डेव्हिड हेल या तरुण वकिलाशी त्यांचा विवाह झाला. रोज रात्री आठ ते दहा पतिपत्नी एकत्र बसून अभ्यास करीत. ते दिवस सुखाचे होते.

१८२२ च्या सप्टेंबरात डेव्हिड हेल न्यूमोनियाने अकस्मात वारले. पदरी चार मुले, आणि पाचवे पित्याच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आत जन्मास आले. त्या दिवसापासून साराबाईंनी अंगावर जी काळी वस्त्रे घातली ती अखेरपर्यंत उतरविली नाहीत. नणंदेबरोबर टोप्या शिवण्याचा धंदा करून त्यांनी संसार रेटला आणि मुले निजल्यावर लेखन केले. पतीच्या मित्रांच्या साह्याने त्यांचा पहिला काव्यसंग्रह १८२३ साली निघाला. १८२७ साली त्यांची 'नॉर्थवुड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील एका संपूर्ण प्रकरणात उपकारस्तुतीच्या दिवसाचे, त्या दिवशी एकत्र जमलेल्या कुटुंबाचे आणि अन्नाने भरलेल्या मेजाचे वर्णन आहे. स्वतःच्या मेजावरील एक जागा कायमची रिकामी झालेल्या विधवेने ते लिहिले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या प्रकरणाचा अर्थ अधिक खोल होतो.

कादंबरीच्या यशामुळे त्यांना बोस्टनहून स्त्रियांच्या मासिकाचे संपादन करण्याचे बोलावणे आले. तेथेच १८३० साली त्यांचा मुलांसाठी कवितांचा संग्रह निघाला आणि कोकराचे गाणे घरोघर पोहोचले. १८३७ पासून त्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाच्या संपादिका झाल्या. हे मासिक पुढे दीड लाख प्रतींपर्यंत खपू लागले. त्यांच्या हाती आता मोठे साधन आले होते.

उपकारस्तुतीचा दिवस त्या काळी न्यू इंग्लंड भागातील राज्ये पाळीत, परंतु प्रत्येक राज्याचा गव्हर्नर आपापल्या सोयीने तारीख ठरवी. दक्षिणेतील बऱ्याच ठिकाणी तो रुजलाच नव्हता. साऱ्या राष्ट्राने एकाच दिवशी देवाचे आभार मानावेत, ही इच्छा धरून साराबाईंनी १८४६ पासून वर्षामागून वर्ष लेख लिहिले, गव्हर्नरांना पत्रे धाडली, एकामागून एक राष्ट्राध्यक्षांकडे विनंती केली. गुलामगिरीच्या प्रश्नावरून राष्ट्र दुभंगत होते. एका मेजावर बसून एका पित्याचे उपकार आठवणारे लोक एकमेकांवर शस्त्र उगारणार नाहीत, अशी त्यांची आशा होती. ती फळास आली नाही. १८६१ साली यादवी युद्ध पेटले.

तरीही त्यांची लेखणी थांबली नाही. २८ सप्टेंबर १८६३ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी अब्राहाम लिंकन यांना पत्र लिहिले. गेटिसबर्गचा भयंकर रणसंग्राम होऊन तीन महिनेही झाले नव्हते. लिंकन यांनी स्वतःचा अकरा वर्षांचा मुलगा आदल्या वर्षी गमावला होता. ३ ऑक्टोबर रोजी त्यांनी घोषणापत्र काढले आणि नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार हा उपकारस्तुतीचा दिवस ठरविला. त्या पत्रकात विधवा, अनाथ व शोकाकुल यांच्यासाठी प्रार्थना करण्याचीही विनंती होती. सतरा वर्षांची चिकाटी फळास आली ती देश सर्वांत दुःखी असताना. भरल्या घरात आभार मानणे सोपे असते. अश्रू गाळतानाही देवाची कृपा मोजता येते, हे सांगण्याचा अधिकार साराबाईंना होता.

थोर व्यक्तींच्याही दृष्टीला मर्यादा असतात. साराबाईंना गुलामगिरी नको होती, परंतु मुक्त झालेल्या काळ्या बांधवांनी आफ्रिकेतील लायबेरियात जाऊन राहावे, असे त्यांचे मत होते. स्त्रियांच्या मताधिकारालाही त्यांनी पाठिंबा दिला नाही. आणि सणाशी पुढे जोडल्या गेलेल्या कथेतही एक मोठे ऋण विसरले गेले. १६२० साली प्लिमथ येथे आलेल्या एकशे दोन इंग्रज प्रवाशांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात मेले. उरलेल्यांना मका पेरण्यास शिकविले ते स्क्वांटो या मूळ रहिवाशाने. १६२१ च्या हंगामाच्या मेजवानीस वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसांनिशी आला आणि त्यांनी पाच हरणे आणून दिली. पुढे त्याच लोकांच्या जमिनी गेल्या, रक्त सांडले. म्हणून १९७० पासून मूळ रहिवासी त्याच दिवशी प्लिमथ येथे शोकदिन पाळतात. बालवर्गांत कागदी पिसांचे मुकुट मुलांच्या डोक्यावर घालण्याची जुनी रीत अनेक शिक्षिकांनी आता सोडली आहे, आणि वाम्पानोआग हे नाव मुलांना शिकविले जाते. ते योग्यच आहे. आभार मानावयाचे, तर देणाऱ्याचे नाव विसरून कसे चालेल?

साराबाईंच्या कार्याचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. स्त्रियांनी वैद्यक शिकावे आणि मिशन कार्यासाठी परदेशी जावे, म्हणून १८५१ साली फिलाडेल्फियात त्यांनी स्त्रियांची एक संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. त्या शहरात १८५० साली निघालेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा त्यांनी आपल्या मासिकातून पुरस्कार केला. त्याच महाविद्यालयातून १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभास गेलेल्या पंडिता रमाबाईंनी फिलाडेल्फियात बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि ती विद्या त्या मायदेशी घेऊन आल्या. हे पाहण्यास साराबाई हयात नव्हत्या. १८७७ च्या अखेरीस, एकोणनव्वद वर्षे पूर्ण झाल्यावर, त्यांनी संपादकपद सोडले. त्याच वर्षी एडिसनने आपल्या ध्वनिलेखन यंत्रात प्रथम जे शब्द उच्चारले ते त्यांच्याच कोकराच्या गाण्याचे. ३० एप्रिल १८७९ रोजी फिलाडेल्फियात त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

आपल्या मंडळ्यांतही हंगामाची उपकारस्तुती होते. वेदीपुढे धान्य, भोपळे, केळीचे घड मांडले जातात. त्या दिवशी बालवर्गातील व रविवारच्या शाळेतील मुलांनाही एक कागद द्यावा, पंजा रेखाटू द्यावा. एका बोटावर आईबापांचे नाव येईल, तर दुसऱ्यावर शेत पिकविणाऱ्याचे, तिसऱ्यावर शाळा झाडणाऱ्या मावशींचे येऊ द्यावे. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी प्रभूकडे परत आला तो एकच. परत येण्याची ही सवय लहानपणीच लागावयास हवी, आणि ती लावणे आपल्या हाती आहे.