हाताला काम मागण्याचा हक्क : वि. स. पागे

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० सालचा. माणूस सांगलीकडचा. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, गांधीजींच्या विचारांवर निष्ठा ठेवली आणि संतवाङ्मयाचा अभ्यास जन्मभर चालविला. पुढे १९६० पासून १९७८ पर्यंत, तब्बल १८ वर्षे, ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या मानाच्या खुर्चीवर बसूनही या गृहस्थाला घोर लागला होता तो गावच्या रिकाम्या हातांचा.

वाचकहो, कोरडवाहू मुलखाची रीत तुम्हांस ठाऊक आहेच. सुगी सरली की शिवारातले काम सरते. जमीनवाल्याच्या कणगीत चार दाणे तरी असतात. भूमिहीनाच्या घरी काय असायचे? अठरा-वीस वर्षांचा धडधाकट पोरगा, दंडात बळ आहे, पण चावडीपुढे बसून दिवस मोजतो. मग सावकाराचे दार, नाहीतर मुंबईची वाट. दुष्काळ पडला की सरकार खडी फोडण्याची कामे काढी, पाऊस पडला की बंद करी. काम मिळाले तर ती मेहेरबानी, न मिळाले तर नशीब!

पागे यांना हे पटेना. १९६५ च्या सुमारास त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे एक साधी गोष्ट मांडली. खेड्यातला जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते सरकारने द्यावेच. तासगाव तालुक्यात आधी लहानसा प्रयोग झाला आणि १९७२ साली रोजगार हमी योजना सुरू झाली.

तोच मोठा दुष्काळ आला. सुकडी खाऊन माणसे जगली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांवर टिकाव-फावडे चालले. काम दिले तर माणूस गाव न सोडता तगतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

आता प्रश्न पैशाचा. कोरडा कळवळा कुणालाही येतो हो! १९७५ साली व्यवसायकर बसला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडे कापायचे, तितकीच भर सरकारने घालायची आणि तो पैसा खेड्यातल्या मजुरीला लावायचा. ज्याच्या हाताला काम आहे त्याने बिनकामाच्या भावाचा भार उचलावा, हा त्यातला धर्म.

१९७७ साली दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा केला. वरच्या सभागृहाच्या सभापतिपदी त्या वेळी पागेच होते. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. वय १८ च्या पुढे असावे, अर्ज करावा. १५ दिवसांत काम न मिळाले तर रोजचा निदान १ रुपया बेकारभत्ता. रक्कम किरकोळ खरी, पण तिच्यामागची गोष्ट मोठी होती. आजवर मजूर साहेबापुढे हात जोडून उभा राहत असे. आता कायदा हातात धरून उभा राहू लागला. पुरुषाला आणि बाईला कामाच्या मोजमापाप्रमाणे सारखाच दर ठरला, म्हणून बायाबापड्या मोठ्या संख्येने कामावर आल्या.

सगळे गोडच झाले असे मात्र नाही. मस्टरवर खोटी नावे चढली, मजुरी रखडली, बेकारभत्ता क्वचितच कुणाच्या हाती पडला. शाळा शिकलेल्या पोराला ही योजना खडीपलीकडे फारसे काही देऊ शकली नाही, हीही तिची उणीव. दिवसभर घमेले वाहून आजची भाकर मिळते, पण उद्याचे काय? ही टोचणी राहिलीच.

१६ मार्च १९९० रोजी पागे यांनी देह ठेवला. त्याच वर्षी रोजगार हमीच्या पैशातून लहान शेतकऱ्यांच्या स्वतःच्या रानात फळबागा लावण्याचे काम सुरू झाले. खड्डा खणण्याची मजुरी मिळाली आणि झाडही त्याचेच झाले. उद्याच्या प्रश्नाला दिलेले ते एक उत्तर होते. ते पाहायला पागे नव्हते. पुढे २००५ साली केंद्र सरकारने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव पुढ्यात होता.

भुकेल्याला अन्न घालणे हे पुण्य आहेच. परंतु धडधाकट तरुणाला रोज दुसऱ्याच्या दारात उभे करणे हा त्याचा अपमान आहे, हे पागे यांनी ओळखले. त्याला घामाची भाकर खाता यावी आणि ती मागताना मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. पंढरीची वाट चालणाऱ्या आपण सर्वांनी हे नाव विसरू नये.