लक्षात घेणारा वाचक

कादंबरीच्या किती प्रती खपल्या, हे प्रकाशकाच्या हिशेबवहीवरून कळते. ती किती मनांत उतरली, हे त्या वहीत सापडत नाही. हा दुसरा हिशेब केवळ वाचकच देऊ शकतो. मराठी कादंबरीला प्रौढत्व देणाऱ्या हरि नारायण आपटे यांनी त्याचे मोल पुरेपूर ओळखले होते.

८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे जन्मलेल्या हरिभाऊंनी साहित्यात पाऊल टाकले तेच मुळी चिकित्सक वाचक म्हणून. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे मराठी रूप प्रसिद्ध केले, तेव्हा विद्यार्थिदशेतील हरिभाऊंनी त्यावर ७२ पानांची टीका लिहिली. पदवी त्यांना मिळाली नाही. परंतु साक्षेपी वाचन म्हणजे काय, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक झाले.

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यातून क्रमशः येऊ लागली. बालविधवा यमूची ही कहाणी तिच्याच तोंडून सांगितलेली आहे. २६ वर्षांच्या पुरुषाने माजघरातील दुःख स्त्रीच्या वाणीतून मांडावे, हे धाडसच होते. ते खरे उतरले की नाही, याचा निवाडा पांडित्याने होणार नव्हता; त्यासाठी ते जीवन जगलेला वाचक हवा होता.

हरिभाऊंना असा वाचक काशीबाई कानिटकरांच्या रूपाने लाभला. काशीबाई विवाहानंतर, उपहास सोसून लिहावाचायला शिकल्या होत्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. गोविंदराव आणि काशीबाई या दांपत्याशी हरिभाऊंचा दृढ स्नेह होता. आपल्या लेखनाविषयी काशीबाईंशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार चाले. ज्या काळी स्त्रीने पुस्तक हाती धरणेही अनेकांना खपत नसे, त्या काळी एका अग्रगण्य कादंबरीकाराने स्त्रीच्या अभिप्रायाला समानतेचे स्थान द्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. सुधारणेचा पुरस्कार त्यांनी लेखनात केला, तसाच व्यवहारातही केला.

३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ निवर्तले. त्यांच्या कादंबरीच्या शीर्षकातील खंत वस्तुतः प्रत्येक लेखकाची असते. गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावात एखादा शिक्षक वा विद्यार्थी कादंबरी वाचून मिटतो आणि लेखकाला चार ओळी कळविण्याचे राहून जाते. स्तुती लेखकाला सुखावते, निंदा दुखावते. विचारपूर्वक लिहिलेले पत्र मात्र त्याला घडविते. असे पत्र लिहिणारा वाचक निर्माण होणे, ही साहित्याची खरी मिळकत होय.