राजा सर टी. माधवराव आणि पुराणचित्रांचा प्रसार

भारतीय चित्रकथांतील राक्षसयुद्धांची पूर्वपीठिका शोधू लागल्यास अभ्यासक राजा रविवर्म्यापाशी येऊन थांबतो. तथापि त्या चित्रांना घरोघरी नेण्याची कल्पना मांडणाऱ्यांत कुंभकोणमच्या एका मराठीभाषक प्रशासकाचे स्थान अग्रभागी आहे, याची नोंद वाङ्मयेतिहासात क्वचितच घेतली जाते.

तंजोर माधवराव यांचा जन्म १८२८ साली कावेरीकाठच्या कुंभकोणम येथे, तंजावरच्या मराठी राजवटीबरोबर दक्षिणेत स्थिरावलेल्या देशस्थ ब्राह्मण समाजात झाला. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती. ज्या प्रदेशात ते जन्मले तेथे देव-दानवांचे युद्ध ही केवळ ग्रंथांतील गोष्ट नव्हती. मेलट्टूरच्या भागवतमेळ्यात नरसिंह आणि हिरण्यकशिपू समोरासमोर उभे ठाकत, आणि तंजावर शैलीचे चित्रकार सोन्याच्या वर्खाने देवतांच्या मूर्ती रंगवीत. मात्र ते चित्र व तो खेळ यांचा लाभ देवालय, दरबार आणि गाव यांच्या परिघातच राही.

मद्रास येथे पॉवेल यांच्या हाताखाली गणित व विज्ञान यांचे शिक्षण घेतलेले माधवराव १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि १८५८ साली त्या संस्थानचे दिवाण. मिरीची मक्तेदारी त्यांनी मोडली आणि कर्जात बुडालेला खजिना सावरला. १८६२ साली किशोरवयीन रविवर्मा त्रिवेंद्रमच्या दरबारात आला, तेव्हा दिवाणगिरी माधवरावांकडेच होती. १८७२ नंतर त्यांनी इंदूरचा आणि १८७५ पासून बडोद्याचा कारभार पाहिला. अल्पवयीन सयाजीरावांना राज्यकारभाराचे पाठ त्यांनीच दिले. १८८१ च्या अखेरीस सयाजीरावांच्या राज्याधिकारप्रसंगी रविवर्मा बडोद्यास आला, त्यामागेही या जुन्या परिचयाचा धागा होता.

१८८४ च्या सुमारास माधवरावांनी रविवर्म्याला एक पत्र पाठविले. चित्रांची मागणी मोठी असून एका कलावंताच्या हातून ती पुरी होणे अशक्य. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी छापील प्रती काढाव्यात, त्यात कीर्ती आहे आणि देशसेवाही, असा त्या पत्राचा आशय होता. मक्तेदारी मोडणाऱ्या प्रशासकाचीच ही दृष्टी होय. मिरीवरील असो वा चित्रदर्शनावरील, काही थोड्यांचा अधिकार त्यांना गैरवाजवी वाटला असावा.

१८९१ साली मद्रासच्या मैलापूर भागात माधवरावांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९४ साली, रविवर्म्याने मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. आपल्या सल्ल्याचे फळ पाहणे माधवरावांच्या नशिबी नव्हते.

या चित्रांनी युद्धाचे स्वरूपच पालटले. ‘जटायुवध’ या चित्रात रावण दशमुखी नाही. तो एका मस्तकाचा, देखणा, खड्ग उगारलेला पुरुष आहे. प्रचंड पक्ष्याचा पंख छाटला गेला आहे. परंतु पाहणाऱ्याची नजर ठरते ती हाताने तोंड झाकणाऱ्या सीतेपाशी. राक्षसी सामर्थ्याचे मोजमाप राक्षसाच्या आकाराने न होता मानवी भयाने होते. अतिकाय प्राण्यांची झुंज कितीही भव्य असली, तरी तिला अर्थ देणारा माणूस चित्रात असावा लागतो, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ या मालेने हाच दृश्य वारसा चौकटींच्या मांडणीत उतरविला आणि तो मुलांच्या हाती दिला.

या प्रसाराची दुसरी बाजूही विसरता येत नाही. छापील प्रतींनी सीता, सरस्वती, लक्ष्मी यांना एक ठरावीक चेहरा दिला. प्रांतोप्रांतीची वेगळी रूपे, कुंभकोणमच्या परिसरातील सुवर्णचित्रांची व मुखवट्यांची परंपरा, त्या एकसारखेपणापुढे मागे पडली. ज्याने चित्र सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून सल्ला दिला, त्याच्याच जन्मभूमीच्या कलेला त्याची किंमत मोजावी लागली. माधवरावांच्या चरित्राचे मूल्यमापन करताना त्यांच्या दिवाणगिरीचे हिशेब मांडले जातात. त्यांत या एका पत्राचा जमाखर्चही मांडला गेला पाहिजे. आणि त्यातील दोन्ही बाजू भरीव आहेत.